काळ्या पुस्तकाचं वजन

मध्यंतररावांना त्या शनिवारी वाचनालयात जायचंच नव्हतं. ते नुसते पंख्याखाली बसायला गेले होते. ऑफिसातून घरी जायच्या रस्त्यावर काहीही विकत न घेता पंख्याखाली बसता येईल अशी तेवढी एकच जागा होती, आणि तिथे 'काय हवंय?' असं कुणी विचारत नसे. निदान त्या दिवसापर्यंत तरी कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवशी ग्रंथपालबाईंनी दारातच एक नवा फळा लावला होता. वर ठळक अक्षरांत 'मी सध्या काय वाचतोय?' आणि खाली टाचण्यांनी टोचलेल्या चिठ्ठ्या. हातातल्या पुस्तकाचं नाव लिहून टोचायचं आणि महिन्याच्या शेवटच्या रविवारी, पुस्तक पूर्ण झालं असेल तर, चार लोकांपुढे उभं राहून त्याबद्दल बोलायचं. योजनेत वाईट काही नव्हतं. वाईट एवढंच झालं, की फळ्यापुढे मध्यंतररावांचा मेहुणा उभा होता आणि त्याची चिठ्ठी टोचून झाली होती.

मध्यंतरराव हे नाव त्यांना ह्याच मेहुण्यानं दिलेलं. हाती घेतलेलं काम अर्ध्यावर आलं, की आमच्या ह्या गृहस्थांना ते पूर्ण झाल्यासारखंच वाटायचं. बासरी दोन सुरांपर्यंत शिकून झाली होती. व्यायामाची सायकल पहिल्या घामाला थांबली होती. मागच्या दाराला रंग लावला होता तो कडीपर्यंत (कडीच्या वर अजून जुनाच रंग आहे, आणि तो नव्यापेक्षा बरा दिसतो). मेहुणा नेमका उलट. तो घेतलेलं तडीस नेणार. जेवायला बसला की स्वतःचं ताट संपवून शेजारच्याचंही संपवून देणार.

"भावोजी, तुम्ही काय टोचणार?" मेहुणा म्हणाला. "आजचा पेपर? पहिलं पान?"

एरवी मध्यंतरराव अशा वेळी हसत. हसलं की विषय संपतो, हे त्यांना अनुभवानं ठाऊक होतं. पण माणसाचं डोकं कधी फिरेल सांगता येत नाही. त्यांनी हात लांब करून जवळच्या कपाटातलं सगळ्यांत जाड पुस्तक ओढलं. हिरवं, कापडी बांधणीचं. उत्क्रांतीवरचं.

"अरे वा," ग्रंथपालबाई म्हणाल्या. "मग हेही न्या. हे नेणारे तेही नेतातच." आणि त्यांनी एक काळं, बारकंसं पुस्तक वर ठेवलं. ते नास्तिकतेवरचं होतं.

"दोन्ही नेतो," मध्यंतरराव म्हणाले. "आणि रविवारी दोन्हींवर बोलणार."

"दोन्हींच्या मध्यंतरापर्यंत ना?" मेहुण्यानं विचारलं.

ही बातमी त्यांच्याआधी घरी पोचली होती. मध्यंतररावांची बायको घरी कपडे शिवायची. शाळेचे गणवेश, कोट, कुणाचं उसवलेलं, कुणाचं वाढलेलं. तिचं शिलाई मशीन स्वयंपाकघरात, ओट्याला चिकटून होतं, कारण मागची छोटी खोली सायकल, बासरी, रंगाचा डबा आणि अशाच बाकीच्या अर्ध्या राहिलेल्या गोष्टींनी भरलेली होती. गेल्याच आठवड्यात एका गिऱ्हाइकानं नवाकोरा कोट हुंगून परत केला होता. त्याला तळलेल्या कांद्याचा वास येत होता. तो खिडकीत टांगून ती पुन्हा शिवायला बसली होती.

"दादाचा फोन आला होता," ती मशीनवरून मान वर न करता म्हणाली. "दोन पुस्तकं म्हणे."

"दोन."

"मग ऐका. दोन्ही पूर्ण वाचून रविवारी बोललात, तर मागची खोली कायमची तुमची. मी तिचं नाव काढणार नाही. आणि एक पान जरी राहिलं, तर सोमवारी माझं मशीन तिकडे जाणार."

खोली तिला मिळायला हवी हे मध्यंतररावांना कळत नव्हतं असं नाही. तो कोट खिडकीत टांगलेला त्यांनीही बघितला होता. पण आयुष्यात एकदा, फक्त एकदा, कुठल्यातरी गोष्टीचा शेवट स्वतःच्या डोळ्यांनी बघायचा असं त्यांच्या मनानं घेतलं होतं, आणि एकदा मनानं घेतलं की न्याय-अन्याय बाजूला राहतो.

"कबूल," ते म्हणाले.

पलीकडच्या खोलीतून सासूबाईंनी ऐकलं आणि कोनाड्यातल्या देवाला हात जोडले. सासूबाई मुलीकडेच राहत, कारण त्यांचे गुडघे आणि मुलाचा तिसरा मजला यांचं कधीच जमलं नाही. कुणासाठी हात जोडले, ते त्या बोलल्या नाहीत.

मध्यंतरराव वजनमापांच्या ऑफिसात कारकून होते. दुकानदारांनी आपले तराजू आणि वजनं आणायची, ह्यांनी ती तपासायची आणि बरोबर असतील तर त्यांवर शिक्का उठवायचा. सोमवारी गेल्या गेल्या त्यांनी कामाला लागावं तसं दोन्ही पुस्तकं तराजूत घातली. एका पारड्यात हिरवं, एका पारड्यात काळं. हिरवं पारडं टेबलाला टेकलं. काळं पुस्तक हिरव्याच्या पासंगालाही पुरेना. झालं, हिशेब ठरला. महिन्याचे बहुतेक दिवस हिरव्याला द्यायचे आणि काळं शेवटी घ्यायचं, ते एका बैठकीत होईल. ज्याचं आयुष्य तराजूपुढे गेलं, तो वजनावर नाही तर आणखी कशावर विश्वास ठेवणार?

आता अडचण अशी, की एकटं वाचायला बसलं की त्यांना झोप लागायची. त्यावर त्यांनी तोड काढली. रोज जे वाचायचं ते रात्रीच्या जेवणाला घरच्यांना सांगायचं. सांगायचं म्हटलं की वाचावंच लागतं. ह्या तोडीवर ते स्वतःच इतके खूश झाले, की पहिल्या दिवशी न वाचताच सांगायला निघाले होते.

"तर काय झालं," पहिल्या घासाला त्यांनी सुरुवात केली, "एक मासा पाण्यातून जमिनीवर आला."

"एकटाच?" सासूबाईंनी विचारलं.

"एक म्हणजे तसा एक नव्हे, आई. त्याला लाखो वर्षं लागली."

"एवढी? मग निघाला तो आणि पोचला तो एकच कसा असेल, जावईबापू?"

मध्यंतररावांनी लोणचं मागितलं. (ह्या प्रश्नाचं उत्तर म्हणजेच ते सगळं पुस्तक, हे त्यांना बरंच पुढे गेल्यावर कळलं.)

दुसऱ्या दिवशी त्यांनी शेपटीचा विषय काढला. "ज्याचा उपयोग नाही, ते हळूहळू नाहीसं होत जातं."

"मग त्या खोलीतलं का होत नाही?" बायको म्हणाली आणि भाजी वाढून गेली.

आठवड्याच्या शेवटी मेहुणा जेवायला आला, तेव्हा प्रकरण माकडापर्यंत पोचलं होतं. मध्यंतररावांनी शांतपणे समजावून सांगितलं, की माणूस माकडापासून झाला असं नाही, दोघांचा पूर्वज एक. म्हणजे नात्यानं आपण चुलत.

"तुमच्याकडे असेल तसं," मेहुणा म्हणाला. "आमच्या घराण्यात कुणी नाही."

"असं एकदम म्हणू नये," सासूबाई म्हणाल्या. "तुझ्या धाकट्या काकाला आठव."

ऑफिसातही त्यांनी प्रसार चालू ठेवला. शिक्का उठवता उठवता ते दुकानदारांना डोळा कसा तयार झाला ते सांगत. एक किराणावाला फार घाईत होता. तो म्हणाला, "साहेब, माझं वजन बरोबर आहे का तेवढं सांगा. मी कुठून आलो ते घरी आईला विचारेन." पण मध्यंतरराव मागे हटले नाहीत. ते बसची वाट बघताना वाचत, नळ भरेपर्यंत वाचत. एकदा दाढी करता करता वाचलं, आणि दोन दिवस हनुवटीला पट्टी लावून हिंडले.

मग एक विचित्र गोष्ट सुरू झाली. खूण म्हणून ते बायकोच्या चिंध्यांच्या टोपलीतली एक लाल चिंधी पुस्तकात ठेवत. एका संध्याकाळी त्यांना लाल चिंधीच्या बरंच पुढे एक निळी चिंधी दिसली. दुसऱ्या दिवशी ती आणखी पुढे गेली होती.

"तू वाचतेयस का हे?" त्यांनी बायकोला विचारलं.

"मला वेळ कुठाय? मी कांद्याच्या वासात कोट शिवतेय."

एक दिवस अंगात कसकस वाटली म्हणून ते दुपारीच घरी आले. सासूबाई खिडकीत बसल्या होत्या. मांडीवर उशी, उशीवर हिरवं पुस्तक आणि हातात भिंग. त्या मुळीच दचकल्या नाहीत.

"काय करू, तुम्ही फार हळू चालता हो, जावईबापू," त्या म्हणाल्या. "मला राहवेना. आता तो देवमासा. एवढे कष्ट करून पाण्यातून जमिनीवर आला, पाय फुटले, सगळं झालं, आणि मेला परत पाण्यात गेला. अर्ध्यावरून माघारी. मला तर एकदम तुमचीच आठवण झाली."

त्या हे मायेनं म्हणाल्या, म्हणून जास्तच लागलं. मध्यंतररावांनी त्याच पावली पुस्तक उचललं, औषध न घेता वाचायला बसले आणि त्या आठवड्यात, रविवार तोंडावर आलेला असताना, हिरवं पुस्तक संपवलं. शेवटचं पान उलटल्यावर त्यांनी पुठ्ठाही उलटून बघितला, आणखी काही आहे का म्हणून. काही नव्हतं. खरंच संपलं होतं. आनंद इतका झाला, की मशीनवर बसलेल्या बायकोला त्यांनी उगाचच विचारलं, "चहा करू?" तिनं चमकून बघितलं. तो चहा मात्र त्यांनी पूर्ण केला.

मग मोठ्या ऐटीत त्यांनी काळं पुस्तक उघडलं.

वजनानं दगा दिला होता. हिरव्याचं वजन होतं ते जाड गुळगुळीत कागदाचं आणि मोठमोठ्या चित्रांचं. काळ्याचा कागद कांद्याच्या पापुद्र्यासारखा पातळ, अक्षर मुंगीएवढं, चित्र एकही नाही. वाक्य एका पानावर निघायचं आणि दुसऱ्या पानावर कुठेतरी धापा टाकत पोचायचं. प्रत्येक पानाखाली टिपा, आणि टिपांना पुन्हा टिपा. इतकी वर्षं लोकांची वजनं तपासली आणि नेमकं स्वतःच्या वेळी मध्यंतररावांनी कागद मोजला आणि मजकूर सोडला. त्या दिवशी ते एक प्रकरण वाचून झोपले. दुसऱ्या दिवशी उठून तेच प्रकरण पुन्हा वाचलं, कारण आधीचं काही आठवेना. निळी चिंधी ह्याही पुस्तकात पुढे गेलेली होती.

शनिवारी त्यांनी रजा घेतली आणि झोप येऊ नये म्हणून मागच्या खोलीत जाऊन व्यायामाच्या सायकलवर बसले. पाय फिरत राहिले की डोळा लागणार नाही, हा विचार वाईट नव्हता. पुस्तक दांड्यावर टेकवून ते पाय मारत वाचू लागले. विश्वाला कर्ता असलाच पाहिजे का, ह्या प्रश्नापाशी त्यांचे पाय मंदावले. त्याच्या उत्तरापाशी डोळे मिटले. आणि पुढच्या क्षणी सायकल, बासरी आणि आपले गृहस्थ एकदमच रंगाच्या डब्यावर आले. अर्धा राहिलेला डबा, पण अर्ध्या डब्यातही पुष्कळ रंग मावतो.

स्वतः रंगले त्याचं काही नव्हतं. पण तो परत आलेला कोट बायकोनं वास जाऊन सोमवारी द्यायला तयार व्हावा म्हणून त्याच खोलीत खुंटीला टांगला होता. त्याची एक बाही कोपरापर्यंत हिरवी झाली.

बायको धावत आली. आधी तिनं नवऱ्याला कुठे लागलं नाही ना ते बघितलं. मग कोट बघितला. मग तो खाली काढला, स्वयंपाकघरात नेला आणि बाही उसवायला घेतली. ती भांडली असती तर बरं झालं असतं. दुपारभर मशीनचा आवाज येत होता आणि मध्यंतररावांना मनापासून वाईट वाटत होतं. पण आता थांबलो तर कोटही गेला आणि पुस्तकही गेलं, असं म्हणून त्यांनी दात-ओठ खाल्ले आणि रंगलेल्या बोटांनी पान उलटलं.

रविवार उजाडला तेव्हा थोडा-थोडका नव्हे, पुस्तकाचा चांगला पाव हिस्सा शिल्लक होता, आणि सभा संध्याकाळी होती. पहाटे उठून ते पाणी प्यायला निघाले. वाटेत सासूबाईंची खोली. सासूबाई भिंतीकडे तोंड करून झोपल्या होत्या. (निदान भिंतीकडे तोंड तरी केलं होतं.) कोनाड्यापुढे मध्यंतररावांचे पाय थांबले. इकडेतिकडे बघून त्यांनी हळूच हात जोडले.

"देवा," ते पुटपुटले, "तू आहेस की नाहीस, ह्या वादात मी आत्ता पडत नाही. त्यावरचंच पुस्तक माझ्या हातात आहे. तेवढं संध्याकाळपर्यंत पूर्ण करून दे. वर्षभर रोज पहाटे उठून तुझ्यापुढे दिवा लावीन. एक दिवस चुकणार नाही."

आणि काय सांगावं, त्या दिवशी झोप त्यांच्या वाटेला गेली नाही. वाक्यं सरळ वाटू लागली. जेवायची वेळ झाली ते कळलं नाही. शेवटचं पान त्यांनी वाचनालयाच्या पायरीवर उभं राहून संपवलं आणि तसेच आत शिरले.

सभेला माणसं थोडीच होती, पण मेहुणा पुढच्या खुर्चीत होता. बायको आणि सासूबाई त्याच्या मागे बसल्या होत्या. मध्यंतरराव बोलले, आणि खरं सांगायला हवं, चांगलं बोलले. मासा आला, देवमासा गेला, डोळा झाला, शेपूट गळली. नास्तिकतेवर तर त्यांचा आवाज चढला. ग्रंथपालबाई मान डोलवत होत्या.

"काळ्या पुस्तकाच्या शेवटी काय म्हटलंय, भावोजी?" मेहुण्यानं मध्येच खडा टाकून बघितला.

"शेवटी म्हटलंय," मध्यंतरराव छाती पुढे काढून म्हणाले, "की माणसानं आपल्या कामाचं श्रेय आणि आपल्या चुकांचा दोष, दोन्ही स्वतःच्या अंगावर घ्यावेत. वर कुणाच्या नावावर टाकू नयेत. आणि आज मी तुम्हाला सांगतो, ही दोन पुस्तकं मी पूर्ण केली ती माझ्या स्वतःच्या निश्चयाच्या बळावर. दुसऱ्या कुणाच्याही नाही."

टाळ्या पडल्या. मेहुण्यानंही वाजवल्या. तो जवळ येऊन म्हणाला, "भावोजी, हरलो. आजपासून ते नाव बंद." मध्यंतररावांनी त्याचा हात दोन्ही हातांत धरला. मागच्या खुर्चीत सासूबाई टाळ्या वाजवत नव्हत्या, फक्त बघत होत्या.

घरी आल्यावर बायकोनं मशीनवरचं फडकं काढलं. "शब्द म्हणजे शब्द," ती म्हणाली. "खोली तुमची." आणि ओट्याशेजारी बसून तिनं नव्या बाहीला टाके घालायला घेतले.

"जावईबापू," सासूबाई आतून म्हणाल्या, "काडेपेटी कोनाड्यात उजव्या बाजूला ठेवलीय. उद्या पहाटे शोधत बसू नका."

मशीन थांबलं. "कसली काडेपेटी?"

सासूबाईंनी सगळं सांगितलं. त्यांनी एक शब्द पदरचा घातला नाही आणि एक गाळलाही नाही. बायकोनं मशीनवरचा हात काढला. तिच्या चेहऱ्यावर पुष्कळ दिवसांनी हसू येऊ घातलं होतं.

"मग मला एवढंच सांगा," ती म्हणाली. "पुस्तक तुम्ही पूर्ण केलंत, की देवानं करून घेतलं? तुम्ही केलं असेल तर खोली तुमची, पण मग त्या नवसाचं काय? तोही अर्ध्यावर सोडणार? आणि देवानं करून घेतलं असेल, तर तुम्ही काय केलंत?"

मध्यंतररावांनी आशेनं सासूबाईंकडे बघितलं.

"माझ्याकडे काय बघता?" त्या म्हणाल्या. "श्रेय ज्याचं त्याला द्यावं, असंच आहे ना त्या शेवटच्या पानावर? मी शुक्रवारीच वाचलं. चांगला माणूस आहे तो लिहिणारा. देव नाही म्हणतो, पण पानभर त्याच्याशिवाय दुसरा विषय नाही बिचाऱ्याला."

खरं म्हणजे दोन्ही उत्तरं मध्यंतररावांच्या जिभेवर होती. पण समोर ओट्याला चिकटलेलं मशीन होतं, त्याच्यावर दुसऱ्यांदा शिवला जाणारा कोट होता, आणि कढईत कांदा होता. शिवाय माणूस वजनमापाच्या खात्यातला. माप एक दाखवायचं आणि देताना दुसरं द्यायचं, हे त्यांच्या हातून व्हायचं नव्हतं.

"देवानं," ते गरजेपेक्षा जरा मोठ्यानं म्हणाले.

"मग ठीक," बायको म्हणाली. "देवाला खोली नको असते."

सोमवारी त्यांनी स्वतःच मशीन उचलून मागच्या खोलीत नेलं. सायकल मेहुणा घेऊन गेला, आणि तो ती रोज चालवतो असं ऐकतो. मागच्या दाराला वरपर्यंत रंग लावायचाही मध्यंतररावांचा विचार होता, पण रंग सगळा सांडून गेला होता. कपड्यांना आता कुठलाही वास येत नाही, आणि खोलीतून मशीनच्या आवाजाबरोबर कधीकधी गुणगुणणंही ऐकू येतं. ते ऐकून मध्यंतररावांना बरं वाटतं, हे त्यांनी कुणाला सांगितलेलं नाही.

पहिल्या पंधरवड्यात दिवा बंद पडणार, असं मेहुण्याचं मत होतं. पण आपले गृहस्थ रोज पहाटे उठतात, डोळे चोळत कोनाड्यापुढे जातात, 'मी हे मानत नाही' असं एकदा स्पष्टपणे म्हणतात आणि दिवा लावतात. आयुष्यात न चुकता चालू राहिलेलं त्यांचं हे एकच काम. सासूबाई तर शेजारणींना अभिमानानं सांगतात, "नास्तिक असावा तर आमच्या जावयासारखा. ताप असला तरी पहाटेचा दिवा चुकवत नाही."